तलावातले क्लोरिन आणि व्हाळातले पाणी

गोव्यात पोहण्याचे तलाव आता क्रीडा संकुले आणि मोठी हॉटेले यांच्यापुरते राहिलेले नाहीत. आसगाव, शिवोली, हणजूण या भागांत भाड्याने द्यायच्या बंगल्याच्या जाहिरातीत तलाव हटकून असतो. यांतील बहुतेक तलावांचे पाणी क्लोरिनच्या जोरावर राखले जाते. क्लोरिन जंतू मारते, ई. कोलायसारखा जिवाणू तर मिनिटभरही तग धरत नाही, आणि हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु त्याची जी किंमत पोहणारे आणि आजूबाजूचा गाव मोजत असतात, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

तलावाजवळ गेल्यावर नाकाला झोंबणारा वास आला की काठावरचे पालक म्हणतात, "आज औषध व्यवस्थित घातलेले दिसते." वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. तो उग्र वास प्रामुख्याने क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाला की ही द्रव्ये तयार होतात. त्यांतील ट्रायक्लोरामाइन पाण्यातून हवेत येते आणि पृष्ठभागालगत, म्हणजे पोहणारा जिथे श्वास घेतो नेमके तिथेच, साचून राहते. डोळे लाल होणे आणि खोकल्याची उबळ येणे हा त्याचाच परिणाम. बंदिस्त तलावांत दिवसभर उभे राहणारे प्रशिक्षक आणि जीवरक्षक यांना यातून दमा जडू शकतो. मुलांमधील दम्याशी याचा संबंध असावा, अशी मांडणी बेल्जियममधील संशोधकांनी २००३ साली केली. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, तरीही मुलांच्या बाबतीत मी सावधगिरीच्या बाजूने उभा राहीन.

माझी भाची जिथे पोहायला शिकते, तिथला कर्मचारी रोज सकाळी एका लहान नळीत पाणी घेऊन त्यात द्रावणाचे थेंब टाकतो, पाणी पिवळे झाले की समाधानाने वहीत खूण करतो. त्या माणसाच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण ती पिवळी चाचणी एकूण क्लोरिन दाखवते. त्यातले जंतू मारायला मोकळे किती आणि क्लोरामाइन होऊन बसलेले किती, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी लागते, आणि ती फार महाग नाही.

पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप, ७.५ असताना मोकळ्या क्लोरिनपैकी साधारण निम्मे प्रभावी रूपात असते. पीएच ८ झाला की जेमतेम पाव भाग उरतो. त्यात आपले ऊन असे, की उघड्या तलावातले क्लोरिन तासाभरात निम्म्याहून अधिक उडून जाते. ते टिकावे म्हणून ट्रायक्लोरच्या गोळ्या वापरतात. त्यांतील सायन्युरिक आम्ल मात्र पाण्यात साचत जाते आणि उरलेल्या क्लोरिनलाच मंद करते. ते ना उडून जाते, ना गाळणीत अडकते. व्यवहारात पाणी काढून टाकणे हाच उपाय उरतो. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी योग्य प्रमाणात क्लोरिन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक जगू शकतो.

हे काढलेले पाणी जाते कुठे? मे महिन्यात गावात टँकरची वाट पाहिली जाते, त्याच दिवसांत तलाव रिकामे होऊन पुन्हा भरले जातात, आणि जुने पाणी गटारातून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गेले तर पुढे शेतात किंवा खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीत, पोहोचते. तलावात लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम मोकळे क्लोरिन ठेवतात. गोड्या पाण्यातील जीवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवलेली दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे ०.०११ मिलिग्रॅम आहे. व्हाळातल्या माशांच्या पिलांना हा फरक सोसणारा नाही. सोडियम थायोसल्फेट घालून क्लोरिन आधी निष्प्रभ करता येते, उघड्या तलावात काही दिवस गोळ्या बंद ठेवल्या तरी ते बरेच उतरते, पण एवढी तसदी घेण्याची सक्ती कोणी करत नाही.

क्लोरिन पूर्णपणे बंद करा, असे माझे म्हणणे नाही. अतिनील किरणांची किंवा ओझोनची जोड दिली तर ते कमी प्रमाणात पुरते. पाण्यात उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ सक्तीची केली तर क्लोरामाइन मुळातच कमी तयार होते, आणि याला खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक सार्वजनिक तलावाच्या दाराशी मोकळे क्लोरिन, संयुक्त (क्लोरामाइन होऊन बसलेले) क्लोरिन आणि पीएच यांचे त्या दिवसाचे आकडे फलकावर लिहिलेले असावेत, आणि तलावाला परवाना देताना पंचायतीने पहिला प्रश्न सांडपाणी कुठे सोडणार हाच विचारावा.