अंतर भागिले वेग?

मन्याचं गणित सरळ होतं. माद्रिद ते न्यूयॉर्क ५,९४० किलोमीटर, विमान ताशी ९०० ने जातं, म्हणजे साडेसहा तास. तिकिटावर मात्र सव्वाआठ. "मधले पावणेदोन तास गेले कुठे?"

"आधी अंतर मोजलंस कसं ते सांग," अव्या म्हणाला.

"दोन्ही शहरं चाळिसाव्या अक्षांशाजवळ. रेघ धरून नाकासमोर पश्चिमेला."

"नकाशावर नाकासमोर. गोलावर दोन टिपके काढ आणि दोरा ताणून धर. दोरा अक्षांशावर राहतच नाही, उत्तरेकडे सरकतो. त्या वाटेने अंतर साधारण ५,७७० भरतं."

"म्हणजे वेळ आणखी कमी! माझीच बाजू मांडतोयस."

वैशूने तिकिटाची फोड केली. तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते, विमान जागचं हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात, गर्दीच्या विमानतळावर अर्धा तासही. पुढे ३५,००० फुटांवर चढायला वीस-पंचवीस मिनिटं, आणि तोवर ९०० चा वेग नसतोच. बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. उतरताना दर हजार फुटांना तीन नाविक मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर लागतात, म्हणून उतरण जवळजवळ २०० किलोमीटर आधीच सुरू होते. शिवाय कंपन्या उशिराची सोय म्हणून वेळापत्रकात थोडी मिनिटं घालून ठेवतात, ती वेगळी.

"पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते," प्रश्या मध्येच, "मग न्यूयॉर्क आपणहून जवळ यायला हवं."

"हवाही पृथ्वीबरोबरच फिरते रे, आणि आपणही. नाहीतर उंच उडी मारणारा दर वेळी भिंतीवर आपटला असता." अव्या आता रंगात आला. खरा खेळ जेट स्ट्रीमचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा, हिवाळ्यात जास्त जोरदार. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला एक बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० च्या वर, तरी ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण ती भोवतालच्या हवेच्या हिशेबाने मोजतात.

"मग जाताना गेलं ते येताना मिळालं. फिट्टंफाट."

"नाही ना! वारा १५० चा धर. जाताना ७५० ने ७ तास ४२ मिनिटं, येताना १,०५० ने साडेपाच. बेरीज १३ तास १२. वारा नसता तर १२ तास ४९. उलटा वारा जास्त वेळ सोसावा लागतो, म्हणून तोटाच." याचसाठी उत्तर अटलांटिकवरचे मार्ग वारा पाहून रोज नव्याने आखतात. दोऱ्याची वाट सोडून लांबून गेलेलं विमान कधीकधी आधी पोचतं.

मन्याने निमूटपणे नवं सूत्र घेतलं: अंतर भागिले ८५०, अधिक चाळीस मिनिटं, मग वाऱ्याची बेरीज-वजाबाकी.

"आणि घड्याळ?" वैशू म्हणाली. "माद्रिद सहा तास पुढे. बाराला निघालं की तिथे सव्वादोन."

"सहा. पाठ केलं."

"मार्चमध्ये दोन-तीन आठवडे पाचच. अमेरिका घड्याळं आधी पुढे करते, युरोप महिन्याच्या शेवटच्या रविवारी."