खडीवाले सायब

आज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. "खडीवाले ना?"

आमच्या घराण्यात खडीचा धंदा कुणी केलेला नाही. आजोबा पोस्टात, वडील बँकेत, मी विम्यात. तरी मी "हो" म्हणालो. नाही म्हटलं, तर पलीकडचे आबा कुठली खडी आणि कधीची खडी हे पहिल्यापासून सांगायला घेतात आणि माझी सात सत्तावीसची लोकल जाते.

सगळा दोष त्या ग्रॅव्हल बाईकचा, म्हणजे खडीवर चालवायच्या सायकलचा. ८८,००० रुपयांची सायकल. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, आत ट्यूब नाही. बायकोने किंमत ऐकली आणि पुढचे दोन दिवस ती माझ्याशी फक्त भाजी कुठली आणायची, एवढंच बोलली. ही सायकल डांबरावर चालते, पण तिचा जन्म कच्च्या रस्त्यासाठी. स्विस आल्प्समधल्या एंगाडीन खोऱ्यातले व्हिडिओ मी रात्र-रात्र बघितले होते. १८१५ मीटर उंचीवरचा मालोया घाट, तिथून निघालेली इन नदी, तिच्या काठाने जाणारी पांढरी कच्ची वाट आणि वळणावळणावर सायकलवाल्यांसाठी लाल पाट्या. इटलीत तर डोब्बियाको ते कोर्तिना ही रेल्वे १९६०च्या दशकात बंद पडली आणि रुळांच्या जागी सायकलची वाट झाली. आपल्याकडे रेल्वे बंद पडली, तर रुळांच्या जागी पहिल्यांदा काय होईल, हे मी सांगायला नको.

तेव्हा ठरवलं, आल्प्स परवडत नाही, पण आजोळ फुकट आहे. डिसेंबरात मालवणला गेलो. आचऱ्याहून निघायचं, कुडोपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जायचं, कातळशिल्पं बघायची आणि आडवाटांनी परत यायचं. कुडोपीच्या त्या जागेला गावात 'बावल्यांचो सडो' म्हणतात. जांभ्याच्या कातळावर कुणीतरी, कधीतरी, माणसं आणि जनावरं कोरून ठेवलीत. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ही यादी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परतीला सायकलवाल्यांच्या नकाशाच्या अ‍ॅपवर एक तुटक-तुटक रेघ दिसली. तुटक रेघ म्हणजे कच्चा रस्ता. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. रस्ता होताही तसाच: लाल मुरूम, त्यातून वर आलेली करडी खडी, दोन्ही बाजूंना गडगे आणि काजूची कलमं. टायर कुरकुर कुरकुर वाजत होते. आल्प्समध्येही हाच आवाज येतो. फक्त तिथे गाईच्या गळ्यात घंटा असते, इथे गाय स्वतःच रस्त्याच्या मधोमध बसलेली असते.

चढ संपला तिथे मोरीच्या कठड्यावर आबा बसले होते. अंगात बनियन, कमरेला पंचा, हातात कोयती. मी धापा टाकत थांबलो. माझ्या डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं पिवळं जॅकेट आणि हँडलवर नकाशा उघडलेला मोबाईल. आता मागे वळून बघताना कळतं, की गुन्हा या वेषाचाच होता.

"रस्तो बगूक इलास?" आबांनी विचारलं.

मी काय बोलणार? खरोखरच रस्ता बघायला आलो होतो. "हो," म्हणालो, "खास याच्यासाठीच आलो."

आबा कठड्यावरून असे उठले, की चाळिशीतला माणूस उठणार नाही. गडग्यापलीकडे तोंड करून ओरडले, "अगो आयकलंस? रस्त्याचो सायब इलो! पाणी घेवन ये!"

पाण्याचा तांब्या आला, गुळाचा खडा आला, मागोमाग साडीच्या दुकानाची एक प्लॅस्टिकची पिशवी आली. पिशवीत अर्ज. प्रत्येकाची झेरॉक्स, प्रत्येकावर पोच मिळाल्याचा शिक्का आणि उत्तर आलं असेल तर त्यात एकच वाक्य: 'आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव पुढे पाठविण्यात आला आहे.' बारा वर्षं तो अर्ज पुढे पुढे जातो आहे. एवढ्यात चालत मालोया घाट ओलांडला असता.

"खडी टाकल्यानी, रोलर फिरवल्यानी, नारळ फोडल्यानी, आणि गेले ते गेलेच," आबा म्हणाले.

इथे थोडं शास्त्र सांगतो, कारण ते मला आबांनीच शिकवलं. सरकारी रस्त्याचे तीन जन्म असतात: खडीकरण, मजबुतीकरण, डांबरीकरण. खडीकरण म्हणजे नुसता पाया. दगड पसरायचे, मुरूम टाकायचा, पाणी मारून दाबायचं. त्यावर डांबर आलं नाही, तर पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो आणि दगड नुसते दात विचकून उभे राहतात. म्हणजे मी ज्याला 'पृष्ठभाग' म्हणून डोक्यावर घेतलं होतं, तो अर्धवट सोडलेल्या कामाचा सांगाडा होता.

मी खरं सांगायचं ठरवलं. "आबा, मी साहेब नाही. मला असे रस्ते आवडतात. ही सायकल खडीवरच चालवायची असते."

आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग सायकलकडे.

"तुमका खडी आवाडता?"

"हो."

"केवड्याक पडली ही?"

मी 'वीस हजार' म्हणालो. बायकोला किंमत कमी सांगायची सवय.

"मडगार नाय?"

"नाही."

"कॅरियर नाय? मगे तांदळाची गोण खंय ठेवतास?"

"ठेवत नाही."

"घंटी?"

"नाही."

"मगे ह्येका आसा काय?"

या प्रश्नाला सायकलच्या दुकानातल्या पोराकडेही उत्तर नसेल. मी विचार करेपर्यंत आबांनी सायकल माझ्या हातातून घेतली, दोन पावलं नेली, उजव्या पायाने स्टँड शोधला, स्टँड नव्हताच, तरी लाथ मारून तो लावला आणि सोडून दिली. ८८,००० रुपये जांभ्यावर आडवे झाले. मागच्या गिअरची कांडी वाकली.

"स्टँड नाय, तर पडतलीच," आबा म्हणाले. माफी नाही, चुकचुकणं नाही, नुसता निकाल. हे मी अजून विसरलेलो नाही. गिअर सरळ करायला ठाण्यात ६५० रुपये पडले.

आणि मी चिडणार, तेवढ्यात आबा शांतपणे म्हणाले, "पावसात माज्या सुनेक पोटात दुखाक लागला. रिक्षावालो वर येवक तयार नाय झालो. चौघांनी खुर्चेत बसवन खाली नेली."

चिडायची माझी पाळी गेली ती गेलीच. तिकडे आल्प्समध्ये कच्च्या वाटा शिल्लक राहतात, त्याचं एक कारण म्हणजे स्वित्झर्लंडच्या कायद्याने जंगलातल्या रस्त्यांवर मोटारींना सहसा मज्जाव आहे. गावात डांबर कधीच पोचलंय, मग उरलेली खडी हौसेने जपता येते. इकडे खडी कुणी जपलेली नाही, ती नुसती राहिली आहे. हजारो मैलांवरच्या युनेस्कोला कुडोपीचा कातळ सापडला. त्याच सड्याखालची ही वाडी बारा वर्षांत कुठल्याही यादीत चढली नाही. आणि त्या रस्त्यावर कौतुकाने 'कुरकुर, कुरकुर' ऐकत कोण आलं, तर मी.

"सायब नाय तर नाय," आबांनी पेन पुढे केलं. "सय तर येता? लिवा: रस्तो लय वायट आसा."

मी लिहिलं. 'सदर रस्ता अत्यंत खराब असून वाहतुकीस अयोग्य आहे.' खाली सही, नाव, मोबाईल नंबर. मोबाईल नंबर! विम्यात वीस वर्षं काढलेला माणूस मी.

त्याच रात्री वाकड्या गिअरसकट मामाच्या ओटीवर बसून अ‍ॅपवर तो मार्ग टाकला. पृष्ठभाग कसा, या रकान्यात लिहिलं: 'अप्रतिम.' एकाच तारखेच्या माझ्या दोन साक्षी आहेत. आबांनी अ‍ॅप बघितलं नाही, हे माझं नशीब.

असं आज सकाळी सात वाजून पाच मिनिटांपर्यंत वाटत होतं.

"खडीवाले ना?"

"हो आबा. डांबराचं अजून काही—"

"डांबर ऱ्हवांदे. काल तुमच्यासारखे आणखी चार जण इले. तसल्याच सायकली, स्टँड नाय. म्हणतत, मोबाईलात रस्तो बगलो."

माझ्या पोटात गोळा आला. "मग?"

"मगे काय! चौघांची सय घेतलंय. तुमची धरून पाच झाली. आणखी हत काय तुमच्यात?"

"आहेत बरेच."

"धाडा. धा झाली काय फायल वर धाडतंय." लोकल सुटल्याचा भोंगा मला खिडकीतून ऐकू आला. "आणि आयका, टोपी घालून धाडा. टोपी आसली काय सायब वाटतत."