नाव अर्धं ठेवलं तर काय बिघडतं?

पावसाळा लागला की आमच्या बेळगावच्या पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला खेळ सुरू होतो. कुणीतरी धुरकट फोटो टाकतो, खाली ‘आयडी प्लीज’ (म्हणजे पक्षी ओळखून द्या), आणि चहा निवायच्या आत नावांची रांग लागते. पक्षी समुद्रावरचा असला तर मग विचारूच नका. ज्याचं नाव सगळ्यात दुर्मिळ, तो जिंकला. बाकीचे अंगठे दाखवून मोकळे.

माझं म्हणणं एवढंच आहे की समुद्रपक्ष्याचं पूर्ण नाव सांगता येत नसेल तर अर्धंच सांगा. ‘टर्न (म्हणजे सुरय) आहे, कुठली ते कळत नाही’ ही चांगली नोंद आहे. ठोकून दिलेल्या नावापेक्षा तर शंभर पटीनं चांगली. हे ग्रुपवर लिहिलं तर मला ‘निगेटिव्ह’ म्हटलं गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी ज्यांना प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी: बेळगावात समुद्रपक्षी कुठून आले? आपण साडेसातशे मीटर उंचीवर, पण समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. मधे फक्त सह्याद्री. एरवी हे पक्षी खोल समुद्रात असतात, अंडी घालण्यापुरते बेटांवर येतात. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सलग झोडपायला लागला की त्यांना धड खाता येत नाही, ताकद संपते आणि वारा नेईल तिकडे जातात. काही किनाऱ्यावर पडतात, एखादा घाटही ओलांडतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला समांतर वर गेलं. अशा वादळानंतर किनाऱ्यावर फिरलं तर एरवी बोटीतून दिवसभर हिंडूनही न दिसणारे पक्षी सापडू शकतात.

आता टर्नची गोष्ट. आमच्याकडे नदीवर दिसते ती सुरय तुम्हाला माहीत असेल, तिच्याच कुळातली ही समुद्रावरची. जांबोटीच्या बाजूला एका शेतकऱ्याला रोप लावताना चिखलात बसलेला पक्षी सापडला. त्यानं तो टॉवेलात गुंडाळून डालग्याखाली ठेवला आणि ओळखीतून मला फोन केला. “ओ ताई, कबुतर म्हणावं तर पाय बदकागत हाईत, आन बदक म्हणावं तर चोच कावळ्यागत काळी. काय म्हणायचं ह्याला?” मला विचाराल तर हे वर्णन ग्रुपवरच्या अर्ध्या पोस्टींपेक्षा सरस होतं. त्यानं आधी काय दिसतंय ते सांगितलं, नाव सांगितलंच नाही.

मी पोचेपर्यंत फोटो ग्रुपवर गेला होता आणि दोन तट पडले होते. एक तट ‘सूटी टर्न’, दुसरा ‘ब्रायडल्ड टर्न’. दोन्ही वरून काळपट, खालून पांढऱ्या, कपाळ पांढरं, शेपटी दुभंगलेली. ब्रायडल्ड आपल्याला त्यातल्या त्यात जवळची, कारण ती वेंगुर्ला रॉक्सवर, म्हणजे वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर, घरटी करते. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी तिथल्या टर्नवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४० मध्येच लिहिलं होतं. सूटी मात्र दूरची. तिची वसाहत लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर. म्हणून ‘जवळची आहे तर ब्रायडल्डच असणार’ असा एका सरांचा हिशेब होता. वादळात सापडलेल्या पक्ष्याला असला हिशेब लावून चालत नाही.

पुस्तकात लिहिलेलं असतं की सूटीची पाठ काळी, ब्रायडल्डची तपकिरी-राखाडी. बरोबर आहे, पण कोरड्या पक्ष्याला. चिखलात लोळलेली, दिवसभर भिजलेली ब्रायडल्डसुद्धा काळीच दिसते. त्यामुळे पाठीचा रंग बाजूला ठेवला आणि कपाळ बघितलं. सूटीचा पांढरा डाग रुंद असतो आणि डोळ्यापाशी थांबतो. ब्रायडल्डचा अरुंद, आणि भुवईसारखा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. मग चोचीपासून डोळ्यापर्यंतची काळी पट्टी: सूटीत ती चोचीकडे निमुळती होते, ब्रायडल्डमध्ये साधारण सारख्याच जाडीची राहते. मग मान. ब्रायडल्डमध्ये काळी टोपी आणि पाठ यांच्यामधे फिकट कॉलर असते, सूटीत टोपी सरळ पाठीत मिसळते. पंख हळूच उघडला, खालून पांढरा आणि टोकाकडची मोठी पिसं ठळक गडद. पांढरा डाग डोळ्यापाशीच संपत होता, कॉलर नव्हती. सूटी. पहिला तट जिंकला. पण ज्यांनी ‘सूटी’ लिहिलं होतं त्यांच्या फोटोत पक्ष्याचं तोंड टॉवेलात होतं, हे कुणी बघितलंच नाही.

तिथे जमलेल्या पोरांचं म्हणणं, “राकसकोपच्या धरणावर नेऊन पाण्यात सोडूया की.” समुद्रपक्षी म्हणजे पाण्यात सोडायचा, हा समज इतका पक्का आहे की मनापासून मदत करणारी माणसंच त्याला मारतात. सूटी टर्नची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत. ती उडता उडता पाण्याच्या वरच्या थरातले मासे उचलते, पाण्यावर बसणं टाळते. दमलेली सूटी तलावात सोडली तर भिजून बुडते. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत कोरडं कापड, अंधार, शांतता आणि वनखात्याला फोन. तोंडात पाणी ओतू नका, पाव-दूध तर अजिबात नको. आम्ही एवढं सगळं केलं, तरी ती पहाटेपर्यंत गेली. असे पक्षी बहुतेक वेळा उपाशी राहूनच खाली आलेले असतात.

गेल्यावर तरी काय करता येतं? तर सगळं. शेजारी पट्टी ठेवून फोटो: चोच बाजूनं, कपाळ समोरून, पंख वरून आणि खालून, पाय, शेपटी. मग पक्षी वनखात्याच्या माणसांकडे दिला. घरी ठेवायचा नसतो, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. हात लावताना हातमोजे घाला, बर्ड फ्लूचं सांगता येत नाही. कारवारच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेघेत पडलेल्या पक्ष्यांनाही हेच लागू. कुत्री ओढून नेतात, लोक नाक दाबून पुढे जातात, आणि एखादी विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल तशीच कुजून जाते. ती अंटार्क्टिकाकडे घरटी करून आपल्या समुद्रापर्यंत येते, आकार चिमणीपेक्षा थोडाच मोठा. बोटांमधला पडदा पिवळा असतो, उडताना तो दिसणं जवळजवळ अशक्य. वाळूत पडलेल्या पक्ष्याचा मात्र पाय पसरून बघता येतो.

कारवारचा विषय निघालाच तर सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे डेव्हिडसन, बेल आणि एटकेन हे तिघे सरकारी नोकर निसर्गाच्या नादानं पछाडलेले होते. उत्तर कानडातल्या फुलपाखरांवर तिघांनी मिळून लिहिलं, आणि डेव्हिडसननं १८९८ मध्ये तिथल्या पक्ष्यांवर. त्या काळी पक्ष्याची नोंद म्हणजे बंदुकीनं पाडलेला पक्षी आणि पेंढा भरलेलं कातडं. ते दिवस परत यावेत असं कोण म्हणेल? पण त्या कातड्याचा एक गुण होता: शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तरी पेटी उघडून पुन्हा तपासता यायचं. आपल्या व्हॉट्सॲपवर दाबून चपट्या झालेल्या फोटोत काय तपासणार? देशातल्या समुद्रपक्ष्यांच्या जुन्या नोंदी तज्ज्ञांनी चाळल्या तेव्हा पुरावा नाही म्हणून कित्येक बाजूला ठेवाव्या लागल्या. बघणारे खोटं बोलत होते असं नाही. त्यांनी नाव लिहिलं, कारण लिहिलं नाही.

आणि आता माझं स्वतःचं अर्धं नाव. जोयडा-अणशी मार्गे कारवारला उतरलो होतो, माजाळीच्या किनाऱ्यावर. (बिणग्याच्या पुढे नौदलाची हद्द, त्या तळाच्या प्रकल्पाचं नावच ‘सीबर्ड’. तिकडे लांब लेन्स रोखून सीबर्ड बघत बसू नका, आधी तुमचीच ओळख पटवून द्यावी लागेल.) ट्रॉलर परतत होते, मागे टर्नचा थवा. एकदम एक गडद, जाड छातीचा पक्षी त्यात घुसला आणि एकाच टर्नच्या मागे लागला. ती वळली की हा वळायचा. शेवटी तिनं चोचीतला मासा सोडला आणि ह्यानं तो हवेत घेतला. पंखाच्या टोकाजवळ पांढरी झळक दिसली. स्कुआ, म्हणजे दुसऱ्यांचा घास हिसकावणारा समुद्रपक्षी, यात वाद नाही. पण त्यातली जात कुठली, पोमरिन की आर्क्टिक? पूर्ण वाढ झालेल्या पोमरिनच्या शेपटीची लांब पिसं टोकाला पळीसारखी वळलेली असतात, आर्क्टिकची टोकदार. ह्याची शेपटी आखूड दिसत होती, बहुधा लहान वयाचा. त्या वयात शेपटी फारशी मदत करत नाही. पंखाखाली एक फिकट डाग की दोन, ते बघायला हवं होतं आणि उजेड समोरून होता. वहीत लिहिलं: ‘स्कुआ, जात अनिश्चित’. सोबतचा मित्र घाट चढेपर्यंत कुरकुरत होता, “एवढं पेट्रोल जाळून अर्धंच नाव?”

त्याची कुरकुर मला कळते. यादीत एक आकडा वाढला नाही. आणि यादीचं वेड आपल्याकडे जरा जास्तच आहे. चंदगडच्या हद्दीत एखादा पक्षी दिसला की तो महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा यावरही आमच्यात वाद होतात. सीमाभागात जन्म घेतल्यावर एवढं चालायचंच.

फोटो टाकणाऱ्यांना एकच विनंती: कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपून ठेवा, सोबत तारीख, ठिकाण आणि वारा कसा होता ते लिहा, आणि नाव सांगणाऱ्याला ‘कशावरून?’ असं विचारा. त्यानं चिडू नये, मीही चिडणार नाही.

कर्नाटकात जून-जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, १ ऑगस्टला मासेमारी पुन्हा सुरू होते. कारवारच्या बैतखोल बंदरात कुणाच्या ओळखीचे बोटवाले असतील तर कळवा. रात्री दिव्याला येऊन बोटीवर आदळणारे पक्षी त्यांनी बघितले असतील, आणि ते कसे दिसतात हे मला त्यांच्याच शब्दांत ऐकायचंय.