हर्षल-नेपच्यूनला कामाला लावा

ज्योतिषी व्हायचे ठरवलेच असेल तर शनी-मंगळाच्या नादी लागू नका. ते नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि जातकानेही, म्हणजे पत्रिका दाखवायला आलेल्यानेही, त्यांच्याबद्दल चार गोष्टी ऐकलेल्या असतात. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांत पुरी होते. तेवढ्यात जातक हिशेब मागायला परत येऊ शकतो. तुम्ही धरावेत ते हर्षल (म्हणजे युरेनस), नेपच्यून आणि प्लूटो. यांच्या प्रदक्षिणा अनुक्रमे ८४, १६५ आणि २४८ वर्षांच्या. प्लूटो १९३० मध्ये सापडला. तेव्हापासूनची त्याची पहिली फेरी पुरी व्हायला २१७८ साल उजाडेल. त्याचे फळ ‘अनुभवसिद्ध’ आहे असे सांगताना चेहरा गंभीर राहायला हवा, तेवढा सराव करून ठेवा.

आता कारकत्व, म्हणजे कोणत्या ग्रहाकडे कोणते खाते. त्याला तपश्चर्या लागत नाही, नाव पाहायचे. नेपच्यून रोमन लोकांचा समुद्रदेव, म्हणून पाणी, धुके, नशा, फसवणूक सगळे त्याच्या खाती. प्लूटो पाताळाचा राजा, म्हणून मृत्यू आणि उलथापालथ त्याची. हे नाव ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने न्याहारी करताना सुचवले होते, हे जातकाला सांगायची गरज नाही. हर्षल बंडखोर, कारण तो सापडला त्या सुमारास अमेरिकेत आणि पाठोपाठ फ्रान्समध्ये क्रांती झाली. विल्यम हर्षल यांनी १३ मार्च १७८१ ला तो पाहिला तेव्हा त्यांना आधी धूमकेतूच वाटला. मग ते त्याला आपल्या राजाचे, तिसऱ्या जॉर्जचे, नाव द्यायला निघाले. ते टिकले असते तर हाच ग्रह आज राजनिष्ठा आणि सरकारी नोकरीचा कारक असता.

जातकाचे काहीही बिनसले तरी ‘ग्रह वक्री आहे’ म्हणा. पृथ्वी आतल्या कक्षेतून यांना मागे टाकते, म्हणून प्रत्येक जण दरवर्षी पाचेक महिने उलटा सरकताना दिसतो. सध्या मे ते जानेवारी तिघांपैकी कोणी ना कोणी वक्री असतोच. उरलेल्या तीन महिन्यांसाठी ‘मार्गी झाला तरी झळ राहते’ हे वाक्य पाठ करा.

प्लूटो एका राशीत कमीत कमी बारा वर्षे मुक्काम ठोकतो. म्हणजे एका वर्गातल्या बहुतेक सगळ्या पोरांचा प्लूटो एकाच राशीत. पहिला आलेल्याला तो जिद्द देतो आणि नापास झालेल्याला संघर्ष. पालक वेगवेगळ्या वेळी भेटायला येतात, हे आपले भाग्य.

एका प्रश्नापासून मात्र जपा. हर्षल गणिताने सांगितलेल्या वाटेवरून किंचित ढळत होता. तेवढ्या फरकावरून फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी पॅरिसमध्ये बसून न दिसलेल्या ग्रहाचा पत्ता काढला आणि बर्लिनच्या वेधशाळेला पत्र धाडले. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री तिथले खगोलशास्त्रज्ञ गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगत होते आणि दारेस्त हा विद्यार्थी नकाशाशी ताडून पाहत होता. एका ताऱ्याशी तो थबकला : हा नकाशात नाही! सांगितलेल्या जागेपासून एक अंशही दूर नव्हता तो. आता कोणी आगाऊ जातक विचारील, की हजारो वर्षे पत्रिका मांडणाऱ्यांपैकी एकालाही आपल्या चुकलेल्या भाकितांवरून ‘आकाशात कोणीतरी मोजायचे राहिले आहे’ असे का वाटले नाही? उत्तर द्या, की भाकिते तेव्हाही बरोबरच येत होती. विंशोत्तरीत, म्हणजे आयुष्याची वर्षे ग्रहांच्या दशांत वाटून देणाऱ्या पद्धतीत, तर १२० वर्षे नऊ ग्रहांत वाटून केव्हाच संपली होती. या तिघांच्या वाट्याला एक दिवसही आला नाही आणि कुणाचे काही अडलेही नाही. ‘मग आता यांची गरज काय?’ असे त्याने पुढे विचारले तर फोन आल्याचे सोंग करा.

२००६ साली प्राग येथे प्लूटोचे ग्रहपद गेले, त्याची धास्ती नको. पद गेलेली माणसे जास्त उपद्रवी असतात, एवढे जातकाला पटते.

आणि पुढची सोयही आताच करून ठेवा. २०१६ मध्ये बॅटिगिन आणि ब्राऊन या खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यूनच्याही फार पलीकडे आणखी एक मोठा ग्रह असावा असा अंदाज मांडला. तो अजून कुणाला दिसलेला नाही. त्याच्या एका फेरीला दहा ते वीस हजार वर्षे लागतील असे त्यांचे तेव्हाचे गणित होते. त्याचे फळ आजच सांगायला घ्या. तक्रार करायला तेवढा कोणी जगत नाही.