शॉक हातालाच दिला

राजापूरच्या बाजारात मासे घ्यायला गेलो तर कोळीण आवाज मऊ करून विचारते, "आता बरां वाटतां मां?" म्हणून एकदाचं सांगून टाकतो. मला शॉक दिला, हे खरं. पण तो हाताला दिला. काखेतून.

वाऱ्याने पडवीचा पत्रा निसटला, तळहात चिरला, दोन बोटं वाकेनात. टेंडन तुटलंय, रत्नागिरीला न्या म्हणाले. तिथल्या सर्जननी सांगितलं, पूर्ण भूल नको, नुसता हात बधिर करू. इथवर सगळं ठीक होतं.

ऑपरेशनच्या आधीच्या खोलीत दोन खाटा. शेजारच्या खाटेवर विजयदुर्गाकडचे एक काका, वीजखात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, हर्नियासाठी आलेले. मी भोकं पडलेल्या बनियनवर, हात बाजूला पसरून, तळवा छताकडे. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मुठीत मावेल एवढं यंत्र काढलं आणि समजावलं: सुईला टोक सोडून सगळीकडे इन्सुलेशन असतं. टोकातून बारीक करंट जातो. टोक नसेजवळ पोचलं की ती नस जे स्नायू चालवते ते उडतात. उडाले की नस सापडली, तिथे औषध सोडायचं.

"म्हंजे टेस्टर," काका म्हणाले.

बाई हसल्या. मला हसू आलं नाही, कारण टेस्टर माझ्या काखेत जाणार होता.

"करंट किती सोडतास गे बाय?"

"सुरुवातीला एक मिलीअँपिअर."

"मिली?" काकांचा चेहरा पडला. "घरातलो ट्रिपचो स्विच तीस मिलीर पडता. एक मिलीन झुरळ तरी मरात? नि अर्थिंग खंय आसा?"

बाईंनी माझ्या खांद्यावरचा स्टिकर दाखवला. तो प्लस, सुई मायनस. काका उठूनच बसले. "उलटां जोडलंस!" मग बाईंनी त्यांना शांतपणे समजावलं की सुईला मायनस दिला तर कमी करंटमध्ये नस जागी होते. त्यांना! सुई कोणाला टोचायची होती? मी दोनदा "दुखेल का" विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

सुई आत गेली आणि माझी बोटं आपणहून आत वळू लागली. सेकंदाला दोनदा. तळवा वर, बोटं मुडपतायत, उघडतायत. ही मीडियन नस, बाई म्हणाल्या. काकांना ते 'या, या' दिसलं.

"माका बोलवलास?" म्हणत ते सलाइनचा स्टँड धरून खाली उतरले. "येतंय, येतंय."

"काका, झोपा!" सिस्टर ओरडली.

"अहो, मी नाही बोलावलं," मी म्हणालो. हात बोलावतच राहिला.

ते खाटेपाशी पोचले आणि सुई सरकून रेडियल नसेपाशी गेली. मनगट उलटं फिरलं, बोटं ताठ. चालते व्हा! काका दुखावले. बोलावून हाकलणारा माणूस त्यांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता म्हणे.

बाई करंट उतरवत होत्या. अर्ध्या मिलीवरही बोटं उडाली म्हणजे सुई जवळ आहे. पण ०.२ च्या खालीही उडत राहिली, तर टोक नसेतच घुसलेलं असू शकतं, म्हणून मागे घ्यायचं. काकांना हे एका दमात कळलं. मला घरी येऊन वाचावं लागलं. पेर्टेस नावाच्या जर्मन सर्जनने हा प्रकार १९१२ सालीच मांडला होता. त्याच्या आधी गॅल्व्हानी होताच, बेडकाचे पाय उडवणारा. म्हणजे बेडकानंतर माझा नंबर.

तेवढ्यात लाइट गेली. "संपला! सप्लाय गेलो!" काका म्हणाले. यंत्र सेलवर चालू होतं, माझी बोटं काळोखात उडत होती. मग औषधाचे पहिले थेंब गेले आणि हात एकदम थांबला. "लाइन बंद," काकांनी जाहीर केलं आणि जनरेटर लागेपर्यंत राजापुरातल्या मेव्हण्याला फोनही लावला: "अरे, ते मास्तर आसत मां, तेंका हय रत्नागिरीत शॉक देतंत! हात हालवतत, माका बोलवतत नि मगे हाकलतत!"

यातला एकही शब्द खोटा नाही, हीच तर पंचाईत. कोकणात 'रत्नागिरी' आणि 'शॉक' एका वाक्यात आले की लोकांना एकच इमारत दिसते, १८८६ पासूनचं मनोरुग्णालय. आमच्याकडे कोणी जरा वेगळं बोललं की 'रत्नागिरीला पाठवा' हा विनोद तयार असतो. मीही त्यावर हसत आलो. आता हसवत नाही. आणि समजा, खरंच तिथे उपचार घेतले असते, तरी पापलेटचा भाव विचारणाऱ्याशी कुजबुजत बोलायचं काय कारण?

टाके निघाले, बोटं वाकतात, फिजिओथेरपी चालू आहे. वाडीच्या मंडळाने मात्र माझ्याकडची गणपतीच्या वर्गणीची वही काढून घेतली. "मास्तर, तुम्ही विश्रांती घ्या." हिशेबाला डोकं शांत लागतं, असंही कोणीतरी म्हणालं. वही आता काकांच्या मेव्हण्याकडे आहे, आणि त्याची बेरीज गेल्या वर्षी मीच दुरुस्त केली होती.