‘विथ’ म्हणजे केवळ ‘सोबत’ नव्हे

‘फाइट विथ’ याचा अर्थ खांद्याला खांदा लावून लढणे एवढाच होतो आणि विरुद्ध लढण्यासाठी तो वापरणे ही भारतीयांची चूक आहे, असा संदेश सध्या फिरत आहे. हा दावा निराधार आहे.

प्राचीन इंग्रजीत ‘विथ’चा प्रमुख अर्थ ‘विरुद्ध’ असाच होता. सोबतीसाठी ‘मिड’ हे वेगळे शब्दयोगी अव्यय होते, जे जर्मनमधील ‘मिट’चे भावंड असून इंग्रजीत आता ‘मिडवाइफ’सारख्या शब्दात तेवढे उरले आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘मिड’ मागे पडले आणि त्याचे काम ‘विथ’कडे आले, तरी जुना अर्थ पुसला गेला नाही. ‘विदस्टँड’, म्हणजे विरोधात टिकून राहणे, यात तो आजही स्पष्ट दिसतो. पुढे साधन (‘कट विथ अ नाइफ’), कारण (‘शिव्हरिंग विथ कोल्ड’) आणि ‘असूनही’ (‘विथ ऑल हिज मनी’) हे अर्थही याच शब्दाने सामावून घेतले.

त्यामुळे ब्रिटन फ्रान्स‘विथ’ लढले, हे वाक्य 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईलाही (फ्रान्सविरुद्ध) लागू पडते आणि 1914 च्या महायुद्धालाही (फ्रान्सच्या बाजूने). अर्थ संदर्भाने ठरतो. (मराठीत ‘फ्रेंचांबरोबर लढले’ म्हटले तरी हाच घोटाळा होतो, ‘फ्रेंचांशी’ म्हटले की मिटतो.) संदिग्धता टाळायची असेल तेथे ‘अगेन्स्ट’ अवश्य वापरावे, परंतु ‘विथ’ला अशुद्ध ठरवू नये.