तेहतीस की पंचेचाळीस?

हाउस म्युझिकच्या, म्हणजे शिकागोच्या क्लबांतून निघालेल्या नाचाच्या संगीताच्या, रेकॉर्डी जमवणाऱ्याला घरी आलेला प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, “पण हे सगळं फोनवर मिळतं ना?” मिळतं. फोनवर मिळत नाही ते असं: दर पाचशे रेकॉर्डींमागे शंभर-सव्वाशे किलो वजन, पावसाळ्यात कव्हरांवर येणारी बुरशी, स्पीकरमधून निघणारी ५० हर्ट्झची घूंऽऽ, आणि ‘व्हेरी गुड’ हे दोन शब्द वाचून पोटात येणारा गोळा.

आधी त्या गोळ्याचं सांगतो. वापरलेल्या रेकॉर्डींना दर्जा देण्याची एक उतरंड जगभर चालते. सगळ्यांत वर मिंट, मग निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड प्लस, गुड, आणि तळाशी फेअर नि पुअर. नवख्याला वाटतं, गुड म्हणजे चांगली. स्थळाच्या जाहिरातीत ‘मुलगा मनमिळाऊ’ असं लिहिलेलं आपण जसं वाचतो, तसंच हे वाचायचं. गुड म्हणजे गाण्यापेक्षा खरखर जास्त. व्हेरी गुड म्हणजे खरखर आणि गाणं यांची युती. व्हेरी गुड प्लस म्हणजे ऐकण्याजोगी, आणि पैसे मोजायचे ते इथून वरच. मिंट लिहिणाऱ्याकडे मी संशयाने बघतो. वाजवल्याशिवाय ती मिंट आहे हे कळत नाही, आणि वाजवली की ती मिंट राहत नाही.

हाउसच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. ही रेकॉर्ड मुळात जपून ठेवायची वस्तूच नव्हती. शिकागोत १९७७ साली उघडलेल्या ‘वेअरहाउस’ क्लबात फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवायचा. त्या क्लबावरूनच या संगीताला नाव पडलं असं मानतात. १९८४ मध्ये जेसी साँडर्सची ‘ऑन अँड ऑन’ आली, तिला साधारणपणे पहिली हाउस रेकॉर्ड म्हणतात. मग ट्रॅक्स आणि डीजे इंटरनॅशनल या दोन रेकॉर्ड कंपन्यांनी शिकागोचे काउंटर भरून टाकले. गिऱ्हाईक कोण, तर डीजे. म्हणजे अंधारात, घामेजल्या बोटांनी, नेमका पहिला ठोका पकडण्यासाठी सुईखाली रेकॉर्ड मागे-पुढे घासणारा माणूस. एकाच जागी हे पुन्हा पुन्हा झालं की तिथली खाच झिजते आणि गाण्याआधी दोन सेकंद ‘खर्रर्र’ वाजतं. याला क्यू बर्न म्हणतात. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: दोन्ही बाजूंच्या सुरुवातीला क्यू बर्न आहे का? ‘थोडासा’ हे उत्तर आलं तर आहे.

त्यात ट्रॅक्सच्या त्या काळच्या प्रती जुन्या रेकॉर्डी वितळवून काढलेल्या व्हायनलवर दाबल्या जात, हे जगजाहीर आहे. त्यामुळे खोक्यातून काढलेली कोरी प्रतही शेव तळल्यासारखी तडतडते. ही तडतड प्लास्टिकच्या आतली. ती धुऊन जात नाही. हे ठाऊक नसलेले लोक ती तासन् तास धुतात. ठाऊक असलेलेही धुतात, पण मुकाट्याने.

आता खरी-खोटी ओळखण्याचा प्रश्न. फ्यूचर या त्रिकुटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ ची, ट्रॅक्सचा क्रमांक टीएक्स १४२. तिच्या नंतर निघालेल्या प्रती इतक्या, की लेबलाच्या रंगावर विसंबणं म्हणजे फसण्याची तयारी. रेकॉर्डवर शेवटची खाच आणि कागदी लेबल यांच्यामध्ये एक गुळगुळीत पट्टा असतो. विजेरी तिरकी धरून त्यात कोरलेली अक्षरं वाचायची. रेकॉर्डचा मूळ साचा कापणाऱ्याने हाताने कोरलेला क्रमांक, कधी त्याच्या नावाची आद्याक्षरं, आणि त्यापुढे ए किंवा बी. ही अक्षरं डिस्कॉग्स या रेकॉर्डींच्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी एकेक ताडून बघावी. डिस्कॉग्स २००० सालापासून चालू आहे आणि तिथे या अक्षरांवरून भांडणारी मंडळी वकिलीत असती तर खोऱ्याने पैसे मिळवते. बाकी खुणा सोप्या. लेबलावरची बारीक अक्षरं फुगलेली, पुसट दिसली तर मूळ लेबलाचं स्कॅन काढून छापलंय. आणि १९८७ च्या म्हणवणाऱ्या कव्हरावर संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर पुढे तपासायचे कष्ट घेऊ नयेत.

रेकॉर्ड घरी आली. आता ती किती वेगाने वाजवायची?

एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर, सात इंची ४५ वर, हे बालवाडीचं गणित. बारा इंची हाउस रेकॉर्ड दोन्ही वेगांची असते आणि कुठल्या वेगाची ते लेबलावर छापायचं पुष्कळदा राहून गेलेलं असतं. कधी ए बाजू ४५ ची, बी बाजू ३३ ची. ४५ कापण्याला कारण आहे. ३३⅓ वर रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, लेबलाजवळ ती २१ वर येते. ४५ वर कडेला ६९. जितकी जास्त खाच, तितका झांजांचा तपशील स्वच्छ. उलट ढोल-बेसला रुंद खाच लागते, म्हणून एका बाजूला सहा ते दहा मिनिटांचं एकच गाणं ऐसपैस बसवतात. एकाच बाजूत पंधरा मिनिटं कोंबलेली रेकॉर्ड दिसली तर आवाज बारीक असणार हे धरून चालावं.

तर वेग कानाने ओळखायचा. गायिका असेल तर सोपं: बाई पुरुषाच्या आवाजात गायला लागल्या की बटण बदलायचं. पण हाउस रेकॉर्डीची सुरुवात डीजेला एका गाण्यातून दुसऱ्यात जाता यावं म्हणून केलेली असते, म्हणजे चार-चार ठोक्यांचे ३२ मात्राखंड नुसता ढोल. मिनिटाला १२० ठोके धरले तर चांगली ६४ सेकंदं. एवढ्या वेळात सोफ्यावरची आत्या हातातला कप खाली ठेवून म्हणते, “अरे, अडकलीय ती. जरा पुढे ढकल.” अडकलेली नसते. पण बरोबर वेगाने चाललीय की नाही हे आपल्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळे आवाजात जोर येत नाही. आधार एवढाच: १२४ ठोक्यांची ४५ ची रेकॉर्ड ३३ वर लावली तर ९२ भरतात, आणि ३३ ची ४५ वर लावली तर १६७. हाउस साधारण ११८ ते १२८ मध्ये राहतं. घड्याळ लावून १५ सेकंदांतले ठोके मोजा, चारने गुणा. तीसच्या आसपास आले की बरोबर. तेवीस आले तर वेग वाढवा. मात्र आवडलं तर तसंच राहू द्या. बेल्जियममध्ये ऐंशीच्या दशकात ४५ ची रेकॉर्ड ३३ वर टाकून, पिच, म्हणजे वेग थोडा कमी-जास्त करायची पट्टी, +८ टक्क्यांना सरकवून वाजवली आणि त्यातून ‘न्यू बीट’ नावाचा आख्खा प्रकार निघाला.

पिचची ती पट्टी म्हणजे टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलाची खूण. डीजेंचं हे यंत्र २०१० मध्ये बंद झालं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि मधल्या काळात जुन्याला सोन्याचा भाव आला. जुनं घेताना थाळीच्या कडेचे ठिपके बघा. पिच शून्यावर असताना मोठ्या ठिपक्यांची रांग लाल दिव्यात स्थिर दिसली पाहिजे. हळूहळू चालायला लागली तर वेग चुकतोय. मग पट्टी शून्याच्या अलीकडे-पलीकडे हळू सरकवून बघा. मध्येच झटका बसत असेल तर आत धूळ आहे किंवा पट्टीच गेलीय.

सुईचा दाब लावणं हे दोन मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक घरांत ते कधीच झालेलं नसतं. अँटीस्केट (दांडी आतल्या बाजूला ओढली जाऊ नये म्हणून असलेली कळ) शून्यावर. दांडीच्या मागचं वजन फिरवत जा, दांडी हवेत आडवी तरंगेपर्यंत. मग वजन न हलवता फक्त पुढची आकड्यांची रिंग शून्यावर आणा. आता वजन आणि रिंग मिळून फिरवा, सुईच्या खोक्यावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत. डीजेंच्या सुयांना बहुधा ३ ते ४ ग्रॅम. सुई उडते म्हणून हेडशेलवर, म्हणजे दांडीच्या सुई बसवलेल्या टोकावर, रुपयाचं नाणं चिकटवणारे महाभाग असतात. २०११ च्या मालिकेतलं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे. ३ ग्रॅमवर ते ठेवलं की जवळपास ७ झाले. सुई उडायची थांबते, हे खरं. ती नांगरायला लागते.

घूंऽऽ येत असेल तर टर्नटेबलमागची बारीक, एकटी वायर ॲम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला जोडलेली नाही. आवाज पिचका, चिरका, आणि बेस गायब असेल तर वायर ‘फोनो’ऐवजी ‘लाइन’मध्ये खोचली आहे. रेकॉर्ड कापताना बेस दाबतात आणि तार आवाज चढवतात, टोकांना सुमारे २० डेसिबलने. १९५४ पासून हाच आरआयएए, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा, नियम. फोनोचा टप्पा तो उलटवतो. हाउसमधून बेस काढल्यावर उरतं काय, ते लाइनमध्ये खोचून एकदा ऐकावंच.

धुण्याचं प्रमाण: पाऊण लिटर डिमिनरलाइज्ड पाणी, पाव लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या बिनवासाच्या साबणाचे दोन थेंब. पाणी इनव्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालतं. नळाचं नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. मायक्रोफायबरच्या फडक्याने खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही, आणि लेबलाला थेंब लागू द्यायचा नाही. नंतर नुसत्या पाण्याने पुन्हा एकदा. आजीच्या जुन्या लाखेच्या ७८ च्या तबकड्यांना मात्र हे मिश्रण लावू नये, अल्कोहोलने त्या खराब होतात. वाळवायला सगळ्यांत उत्तम साधन स्वयंपाकघरातलं ताटाळं. कपारी अगदी मापाच्या. त्या वेळेत जेवणाची ताटं कुठे ठेवायची याची सोय आधी करून ठेवावी, म्हणजे रेकॉर्डीला दर्जा देण्याची वेळ दुसऱ्या कुणावर येत नाही.

फर्निचर हा स्वतंत्र प्रकार आहे. मिस्त्रीला ‘बारा इंची रेकॉर्ड’ म्हणालात की तो बरोबर बारा इंची खण करतो, सनमायका लावून, कोपरे घासून, फार सुंदर. रेकॉर्ड बारा इंची असते. कव्हर साडेबाराच्या घरात जातं, आणि प्लास्टिकचं बाह्यकव्हर घातलं की त्याहून जरा जास्त.

“साहेब, तुम्हीच बारा म्हणालात.”

म्हणालो खरं. आतून उंची साडेतेरा इंच सांगा, खोली तेरा, म्हणजे बोट घालून ओढता येईल. प्लाय १८ मिलिमीटरचा, आणि दर फुटा-सव्वाफुटावर उभी फळी. ती नसेल तर रेकॉर्डी एका बाजूला कलतात आणि कललेल्या रेकॉर्डी वाकतात. आडव्या रचायच्या तर मुळीच नाहीत. नव्या रेकॉर्डीवरचं ताणलेलं पातळ प्लास्टिकही काढून टाका, उन्हाळ्यात ते आणखी आवळतं आणि रेकॉर्डीची बशी होते. उन्हात उभ्या गाडीत तर पिशवी विसरूच नका. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत डीजे रेकॉर्डींऐवजी डॅट, म्हणजे डिजिटल, टेपा वाजवत, त्याचं एक कारण हेच ऊन.

आणि कोकणपट्टीचा पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की पुठ्ठा बुरशी धरतो. चाळीस-पन्नासच्या दरम्यान ठेवायची असं पुस्तकी उत्तर आहे. जुलैत दादरला ते वाचून दाखवावं. कपाट बंद, आत सिलिका जेल, ते रंग बदलू लागलं की गरम करून पुन्हा आत. आतली कागदी पाकिटं फेकून पॉलिथीनची घाला. डांबरगोळ्या नकोत. बुरशी जाते की नाही कोण जाणे, पण कव्हरं जन्मभर ट्रंकेतल्या शालूसारखी वास मारतात.

राहता राहिला मुंबईचा या प्रकरणातला खराखुरा वाटा. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, बेस वाजवणारं टीबी-३०३ आणि ठोके देणारं टीआर-८०८, एकत्र जोडली आणि दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, खपली बेताचीच. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये ज्या टीबी-३०३ च्या किरकिरीने पुढे जग वेडं झालं (अ‍ॅसिड हाउस म्हणतात ते हेच), ती इथे पाच वर्षं आधी भैरवात आणि मालकंसात वाजत होती. शिकागोवाल्यांनी ती ऐकली होती असं नाही. यंत्र एक, आवाज एक, एवढंच. २०१० मध्ये ही रेकॉर्ड नव्याने निघाली आणि सिंग उतारवयात पुन्हा मंचावर आले. २०१५ मध्ये ते गेले.

मूळ प्रत चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एखाद्या गठ्ठ्यात मिळेल, ही आशा प्रत्येकाला असते. मिळालीच तर चेहरा कोरा ठेवावा. वरखाली दोन-चार फिल्मी रेकॉर्डी निवडाव्या, ही मध्येच सरकवावी, आणि “सगळ्याचे मिळून किती?” असं दुसरीकडे बघत विचारावं. दुकानदार गठ्ठा चाळतो, नेमकी ती एक बाहेर काढतो, फुंकर मारतो आणि मागच्या फळीवर उभी करतो.

“ये अ‍ॅसिड हाउस है साब. गठ्ठे में नहीं जाता.”